जुन्या लॅपटॉपवरही देऊळ दिसलं पाहिजे

अंबरनाथचं शिवमंदिर संगणकात उभं करावं, असं आपल्या भागातल्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनात आलं तर नवल नाही. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं हे शिलाहारांच्या काळातलं देऊळ विठ्ठलवाडीहून लोकलने दुसऱ्याच स्टेशनावर आहे. फोन प्रत्येकाच्या हातात आहे. त्रिमितीय आकार घडवणारं ब्लेंडर आणि खेळ बनवायचं इंजिन गोदो ही दोन्ही साधनं फुकट मिळतात. फोटो काढायचे, त्यांवरून त्रिमितीय आकार घडवायचा, आणि बघणाऱ्याला सभामंडपातून पायऱ्या उतरवत गाभाऱ्यात न्यायचं. देऊळ केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. तिपाई किंवा ड्रोन नेणार असाल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे परवानगीची चौकशी करा.

घरच्या लॅपटॉपवर हे सगळं सुरेख चालतं. सादरीकरणाच्या दिवशी लॅबच्या संगणकावर मात्र पडदा काळाच राहतो, किंवा कोरीवकाम सपाट दिसतं, किंवा कॅमेरा वळवला की चित्र अडखळत पुढे सरकतं. मैत्रिणीच्या मॅकवर सावल्याच गायब. भावाच्या फोनवर देवळाच्या आवारातल्या कुंडाचं पाणी गचके खातं. उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये, अंबरनाथला, बदलापूरला ग्राफिक्सचं काम शिकणारी पुष्कळ मुलं आता आहेत, आणि त्यांची मेहनत या शेवटच्या टप्प्यावर वाया जाताना बघवत नाही. म्हणून पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो. ज्या सर्वात कमकुवत यंत्रावर तुमचं काम दिसायला हवं ते यंत्र पहिल्या दिवशी ठरवा, आणि पहिल्या आठवड्यापासून त्याच्यावर चालवून बघा. बाकी सगळं याच्या पोटात येतं.

असं का होतं, ते आधी समजून घेऊ. तुम्ही लिहिलेला प्रोग्रॅम ग्राफिक्स चिपशी थेट बोलत नाही. मध्ये ड्रायव्हर असतो, आणि ड्रायव्हरशी बोलायची भाषा प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर वेगळी असते. विंडोजची घरची भाषा डायरेक्टथ्रीडी. अ‍ॅपलची मेटल, ती २०१४ साली आयफोनवर आणि पुढच्या वर्षी मॅकवर आली. लिनक्स आणि अँड्रॉइडवर ओपनजीएल किंवा त्याचा मोबाइल अवतार ओपनजीएल ईएस, आणि २०१६ पासून व्हल्कन. ओपनजीएल १९९२ पासून आहे आणि सगळीकडे चालतं, असं पुस्तकांत वाचायला मिळतं. ते आता अर्धंच खरं आहे. अ‍ॅपलने ओपनजीएल ४.१ वर थांबवलं आणि २०१८ मध्ये मोहावे आवृत्तीच्या वेळी ते कालबाह्य म्हणून जाहीर केलं. कॉम्प्युट शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर नुसतं गणित करणारे छोटे प्रोग्रॅम, ओपनजीएलमध्ये ४.३ पासून आले, त्यामुळे मॅकवर ओपनजीएलच्या वाटेने ते मिळणारच नाहीत, मॅक कितीही महागडा असो. व्हल्कनही मॅकवर थेट नाही. मोल्टनव्हीके नावाचा दुभाषा मध्ये बसून व्हल्कनच्या आज्ञा मेटलमध्ये सांगतो. तसंच विंडोजवर क्रोममध्ये वेबजीएल चालतं तेव्हा अँगल नावाचा थर बहुतेक वेळा त्याचं डायरेक्टथ्रीडीत रूपांतर करत असतो. एकच वेब पान विंडोजवर, लिनक्सवर आणि आयफोनवर तीन वेगळ्या वाटांनी पडद्यावर पोचतं, आणि प्रत्येक वाटेवरचे खाचखळगे निराळे.

यंत्र तेच राहून नुसती ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरी मर्यादा बदलते, हे अनेकांना ठाऊक नसतं. आपल्याकडे ऑफिसांतून बाद झालेले दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय-फाइव्ह लॅपटॉप जुन्या मालाच्या दुकानांत सर्रास मिळतात, आणि अनेक घरांत तोच पहिला संगणक असतो. दुसऱ्या पिढीतल्या इंटेल एचडी ३००० चिपला विंडोजवर ओपनजीएल ३.१ मिळतं, तर त्याच चिपवर लिनक्स चढवलं की मेसा ड्रायव्हर ३.३ देतो. तिसऱ्या पिढीतल्या एचडी ४००० ला विंडोजवर ४.०, मॅकवर ४.१, लिनक्सवर ४.२. व्हल्कनचा ड्रायव्हर त्या चिपसाठी विंडोजवर कधी आलाच नाही. याचा परिणाम रोजच्या कामात दिसतो. ब्लेंडरला ४.० पासून विंडोज आणि लिनक्सवर किमान ओपनजीएल ४.३ लागतं, म्हणजे हे दोन्ही लॅपटॉप बाद. ३.६ आवृत्तीला ३.३ पुरतं, म्हणून एचडी ४००० वाल्याने तीच घ्यावी आणि नव्या आवृत्तीच्या मागे लागू नये. असा जुना लॅपटॉप घेताना मेमरी आणि एसएसडी विचारता, तसं ग्राफिक्स चिपचं नावही विचारा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या पिढ्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, तेव्हा लिनक्स हा अशा यंत्रांसाठी सरळ मार्ग आहे. ग्राफिक्सच्या दृष्टीने तर त्यात फायदाच आहे.

आता कोणता रेंडरर, म्हणजे चित्र पडद्यावर रंगवणारा भाग, निवडायचा? गोदो ४ मध्ये नवा प्रकल्प उघडताना तीन पर्याय विचारले जातात: फॉरवर्ड प्लस, मोबाइल आणि कंपॅटिबिलिटी. बहुतेक जण पहिला घेतात, कारण त्यात सगळं येतं. परावर्तन, दाट धुकं, हलत्या प्रकाशाचं गणित, सगळं. पण त्याला व्हल्कन, डायरेक्टथ्रीडी १२ किंवा मेटल लागतं. कंपॅटिबिलिटी ओपनजीएल ३.३ वर, फोनवर ओपनजीएल ईएस ३.० वर आणि ब्राउझरमध्ये वेबजीएल २ वर चालतो. ब्राउझरसाठी काम करायचं असेल तर गोदोत तोच एक पर्याय आहे. देवळाच्या सफरीसाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: कंपॅटिबिलिटी घ्या. देऊळ जागचं हलत नाही, सूर्य तुम्ही ठरवाल तिथे थांबतो. प्रकाश आणि सावल्या आधीच मोजून पृष्ठभागावर भाजून घेतल्या, म्हणजे लाइटमॅप बेक केला, की महागड्या चिपशिवाय दगडाला खोली येते. बेक करण्याचं काम तेवढं चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या यंत्रावर करावं लागतं. मित्राकडे एक संध्याकाळ बसलात तरी ते उरकतं. फॉरवर्ड प्लसवर चार महिने काम करून शेवटी कंपॅटिबिलिटीवर उतरायचं ठरवलंत तर प्रकाशयोजना पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल. म्हणून हा निर्णय आधी.

रेंडरर ठरला की प्रोग्रॅममध्ये पहिलं काम करायचं ते असं: सुरू होताक्षणी तो कोणत्या ड्रायव्हरवर, कोणत्या चिपवर आणि कोणत्या आवृत्तीवर चालतोय हे एका फाइलमध्ये लिहून ठेवायचं. निम्म्या तक्रारींचं उत्तर त्या एका ओळीत मिळतं. विंडोजवर तिथे ‘जीडीआय जेनेरिक’ आणि आवृत्ती १.१ असं आलं, तर त्या यंत्रावर चिपचा खरा ड्रायव्हर बसवलेलाच नाही आणि विंडोजसोबत येणारं जुनं ओपनजीएल चालू आहे. ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक रेंडर’ असं नाव आलं तरी ग्राफिक्सचं सगळं काम मुख्य प्रोसेसर ओढतोय असं समजा. लिनक्सवर हीच खूण ‘एलएलव्हीएमपाइप’, क्रोममध्ये ‘स्विफ्टशेडर’. या शेवटच्या तीन नावांखाली चित्र अचूक येतं, पण मुंगीच्या वेगाने. तिथे तुमच्या शेडरमध्ये चूक शोधत बसू नका, आधी ड्रायव्हर घाला. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर आणखी एक घोळ होतो. खेळायला घेतलेलं एनव्हिडिया कार्ड झोपलेलं असतं आणि प्रोग्रॅम इंटेलच्या चिपवर चालत असतो. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सच्या पानावर जाऊन त्या प्रोग्रॅमला जास्त ताकदीची चिप नेमून देता येते. ब्राउझरमध्ये तपासायचं असेल तर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत क्रोम, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि जीपीयू असं लिहा, सगळी कुंडली समोर येते.

आता एक दोष जवळून पाहू, कारण तो फोनवर हमखास भेटतो आणि लॅपटॉपवर कधीच दिसत नाही. मंदिराच्या आवारातल्या कुंडाचं पाणी दाखवायचं आहे. लाटांसाठी तुम्ही एक छोटा शेडर लिहिता. त्याला सुरुवातीपासून किती सेकंद झाले हा आकडा देता, आणि त्या आकड्यावर साइन लावून पाणी हलवता. शेडरच्या डोक्यावर, कुठल्यातरी उदाहरणातून उचललेली, ‘प्रिसिजन मीडियमपी फ्लोट’ अशी ओळ असते. लॅपटॉपची चिप या ओळीकडे लक्षच देत नाही, सगळं ३२ बिटांत मोजते. बऱ्याच फोनांच्या चिप मात्र ती ओळ मनावर घेतात आणि १६ बिटांत मोजतात. १६ बिटांच्या दशांश आकड्यात नेमकेपणा जेमतेम ११ बिटांचा. १ आणि २ च्या दरम्यान तो आकडा एक हजारांशाच्या आसपासच्या पावलांनी पुढे जाऊ शकतो. पण आकडा मोठा होत जातो तशी पावलंही मोठी होतात. ६४ सेकंदांनंतर सर्वात लहान पाऊल सेकंदाचा सोळावा भाग. १२८ नंतर आठवा भाग. साडेआठ मिनिटांनी, म्हणजे ५१२ सेकंदांनंतर, अर्धा सेकंद. सतराव्या मिनिटानंतर एक अख्खा सेकंद. म्हणजे पाणी सुरुवातीला झुळझुळ वाहतं, मिनिटाभरात किंचित अडखळतं, आणि सतरा मिनिटांनंतर सेकंदाला एकदा टुणकन उडी मारतं. तुम्ही फोनवर अर्धा मिनिट पाहून ‘चाललं’ म्हणालात, तर हा दोष परीक्षकांनाच पहिल्यांदा दिसणार.

उपाय दोन आहेत. वेळेच्या आकड्यासाठी ‘हायपी’ मागा. किंवा, आणि मला हा दुसरा उपाय जास्त भरवशाचा वाटतो, शेडरला सेकंद देण्याआधीच मुख्य प्रोग्रॅममध्ये त्यातून लाटेच्या आवर्तनाचे पूर्ण फेरे वजा करा. लाट दर दहा सेकंदांनी स्वतःवर परत येत असेल तर शेडरला शून्य ते दहाच्या बाहेरचा आकडा कधी जाऊच देऊ नका. हाच हिशेब टेक्स्चरलाही लागू आहे. अर्धा ते एकच्या दरम्यान १६ बिटांचं पाऊल १/२०४८ इतकं असतं. तुमच्या कोरीवकामाचं टेक्स्चर ४०९६ रुंदीचं असेल आणि त्याची जागा १६ बिटांत मोजली जात असेल, तर उजव्या अर्ध्या भागातल्या प्रत्येक दोन ठिपक्यांतला एक हातातून सुटतो. भिंतीच्या एका बाजूची नक्षी रेखीव आणि दुसऱ्या बाजूची खडबडीत दिसली, तर फोटो पुन्हा काढायला धावू नका. आधी ही ओळ तपासा.

शेडरच्या बाबतीत एनव्हिडियाचा ड्रायव्हर फार सांभाळून घेतो, आणि त्यातूनच घात होतो. पूर्णांकाच्या जागी दशांश आकडा, नियमात न बसणारं काहीतरी, तो समजून घेतो आणि चालवतो. मेसा नियमावर बोट ठेवून त्याच ओळीला नकार देतो. चलाला सुरुवातीची किंमत द्यायला विसरलात तर एका यंत्रावर तिथे शून्य सापडेल, दुसऱ्यावर कचरा. ऋण संख्येचा घात काढला तर उत्तर काय यावं हे नियमांत ठरवलेलंच नाही. एखाद्या चिपवर तिथे काळा ठिपका येतो, आणि वर प्रकाशाचा ग्लो लावलेला असेल तर तो ठिपका शाईच्या डागासारखा पसरत जातो. म्हणून घात काढण्याआधी आकडा शून्याच्या खाली जाणार नाही याची तजवीज करा, आणि शेडर ख्रोनोस संस्थेच्या संदर्भ-कंपायलरमधून एकदा तपासून घ्या. तुमच्याकडे एनव्हिडिया असेल तर हे काम टाळूच नका.

खोलीच्या मोजमापातही असाच फरक आहे. ओपनजीएल खोली उणे एक ते एक अशी मोजतं, व्हल्कन, मेटल आणि डायरेक्टथ्रीडी शून्य ते एक. चित्राचा उगम ओपनजीएलमध्ये खालच्या डाव्या कोपऱ्यात, डायरेक्टथ्रीडीत वरच्या. इंजिन हे बहुतांशी सांभाळतं, पण तुम्ही स्वतः लिहिलेल्या शेडरमध्ये खोली वाचत असाल तर ते तुम्हालाच सांभाळायला लागतं. गोदो ४.३ मध्ये खोलीची दिशाच उलटी केली गेली, त्यामुळे त्याआधीचे जालावरचे नमुने जसेच्या तसे चिकटवले की धुकं जवळ आणि दगड लांब असा प्रकार होतो. आणि कॅमेऱ्याची जवळची मर्यादा हजारांश मीटरवर ठेवण्याची सवय असेल तर ती सोडा. दूरच्या शिल्पांचे थर एकमेकांत लुकलुकायला लागतात, विशेषतः फोनवर. तिथे खोलीच्या नोंदीला १६च बिट मिळू शकतात. दहा सेंटिमीटरने आपलं काही अडत नाही. जमिनीवर देवळाचा तलविन्यास रेघांनी दाखवायचा असेल तर त्या रेघा जाड करायची आज्ञा विसरून जा. मॅकवर आणि विंडोजच्या ब्राउझरमध्ये ती बहुधा एक ठिपका जाडीचीच रेघ देते. रेघेच्या जागी अरुंद पट्टी काढा, ती सगळीकडे सारखी दिसते.

पाषाणाचा फोटो मिळालाच नाही म्हणून लिनक्सवर भिंती पांढऱ्या दिसणं, हा दोष तर ग्राफिक्सचा नसतोच. विंडोजला फाइलच्या नावातलं मोठं आणि लहान इंग्रजी अक्षर सारखंच. मॅकलाही सहसा सारखं. लिनक्स आणि अँड्रॉइडला नाही. फाइलचं नाव मोठ्या ‘एस’ने आणि प्रोग्रॅममध्ये लहान ‘एस’ने लिहिलंत की फाइल सापडत नाही. सगळी नावं लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता, हा नियम आजपासून करा. टेक्स्चर आवळण्याच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. संगणकाच्या चिपना एस३टीसी आणि बीसी कुळातल्या पद्धती कळतात, फोनना ईटीसी२ आणि एएसटीसी. निर्यात करताना दोन्ही निवडल्या नाहीत तर फोनवर देऊळ उघडंबोडकं दिसतं किंवा मेमरी भरून प्रोग्रॅम बंद पडतो. ओपनजीएल ईएस ३.० ची हमी फक्त २०४८ ठिपके रुंदीच्या टेक्स्चरची आहे. त्याच्या वर मिळालं तर आनंद, पण विसंबून राहू नका.

आता मराठी अक्षरांचं. देवळाची माहिती मराठीत असणारच, आणि तिथेही रेंडररच्या मर्यादा उघड्या पडतात. देवनागरीत अक्षरं नुसती ओळीने मांडून चालत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी येते, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. हे काम करणारा हार्फबझसारखा थर असावा लागतो. गोदो ४ मध्ये तो आहे. युनिटीत वर्षानुवर्षं वापरल्या जाणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये नव्हता, त्यामुळे तिथे मराठी मोडून दिसायचं. तपासायला लांब जायला नको. ‘विठ्ठलवाडी’ हा शब्द लिहा. वेलांटी ‘व’च्या डावीकडे आली आणि दोन ‘ठ’ एकाखाली एक नीट बसले तर निम्मी परीक्षा पास. मग ‘उल्हासनगर’, ‘कर्जत’, ‘अंबरनाथ’, आणि शेवटी ‘पायऱ्या’. पायऱ्यांमधला तो अर्धा ‘ऱ’ पापणीसारखा दिसायला हवा, ‘य’च्या डोक्यावर रफार म्हणून चढायला नको. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर पानावर भाषा मराठी असल्याची नोंद करा आणि तो फॉन्ट ती वळणं देतो का ते बघा.

फॉन्ट यंत्रावरचा वापरू नका, सोबत द्या. विंडोजवर निर्मला किंवा मंगल, मॅकवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो असं जे असेल ते यंत्र उचलतं, आणि प्रत्येकाची उंची-रुंदी वेगळी असल्यामुळे तुमच्या चौकटीतून मजकूर बाहेर सांडतो. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतो, तो बेलाशक सोबत बांधा. उल्हासनगरसाठी काही करत असाल तर आणखी एक पाऊल पुढे जा. इथे सिंधी दोन लिप्यांत लिहिली जाते. अरबी वळणाच्या लिपीत मजकूर उजवीकडून डावीकडे जातो आणि अक्षराचा आकार शेजारच्या अक्षरावर ठरतो. देवनागरी सिंधीत ‘ॻ’, ‘ॼ’, ‘ॾ’, ‘ॿ’ ही खाली रेघ असलेली चार अक्षरं येतात, आणि ती अनेक फॉन्टांत नसतात. तिथे नुसते चौकोन दिसतात. शेजारच्या आजोबांना त्यांच्या भाषेतलं देवळाचं वर्णन चौकोनांत दिसलं तर ते आपल्यालाच वाईट वाटेल. आधी बघून घ्या.

एवढं झाल्यावर प्रत्यक्ष तपासणी. पाच-सहा ठिकाणं पक्की करा: शिखर लांबून, बाहेरच्या भिंतीवरचं दाट कोरीवकाम अगदी जवळून, सभामंडपातला अंधार, गाभाऱ्याच्या पायऱ्या, कुंडाचं पाणी, आणि मराठी माहितीचा फलक. एक बटण दाबलं की कॅमेरा या प्रत्येक ठिकाणी तंतोतंत त्याच कोनात जाईल, वेळ ठरलेल्या आकड्यावर थांबेल आणि स्क्रीनशॉट यंत्राच्या नावासह जतन होईल, असं करून ठेवा. मग ही चित्रं एकमेकांशेजारी लावून बघता येतात. इमेजमॅजिकसारख्या फुकट साधनाने दोन चित्रांतला फरकही काढता येतो. मात्र ठिपक्यान् ठिपका जुळावा असा हट्ट नको. त्रिकोणाच्या कडेचा ठिपका कसा रंगवायचा यात नियमच प्रत्येक चिपला थोडी मोकळीक देतात. फरक कडांपुरता आणि फिकट असेल तर सोडा. एखादा अख्खा पृष्ठभाग बदलला असेल तर थांबा आणि कारण शोधा. विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवर रेंडरडॉक हे साधन एक फ्रेम उलगडून प्रत्येक आज्ञा दाखवतं. मॅकवर त्यासाठी एक्सकोड लागतं.

यंत्रं आणायची कुठून, हा प्रश्न मोठ्या कंपन्यांना पैशाने सोडवावा लागतो. कॅम्प ४ मध्ये तो ओळखीने सुटतो. लालचक्की, व्हीनस चौक, मराठा सेक्शन, सुभाष टेकडी, कुठेही तुमच्या वर्गातल्या दहा जणांच्या घरी बघा. कुणाकडे दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप, कुणाकडे खेळाचं कार्ड, कुणाच्या वडिलांच्या दुकानात साधा बिलिंगचा संगणक, कुणाच्या ताईकडे मॅक, आणि फोन तर नाना तऱ्हेचे. इतकी विविधता कुठल्या एका ऑफिसात एकत्र सापडत नाही. मालकाची परवानगी घेऊन लिनक्स मिंट किंवा उबंटू पेनड्राइव्हवरून सुरू केलं की त्याच्या हार्ड डिस्कला हात न लावता तेच यंत्र लिनक्सचं यंत्र होतं. एनव्हिडियाच्या यंत्रावर मात्र अशा वेळी कंपनीचा नव्हे तर मुक्त ड्रायव्हर चालू असू शकतो, हे नोंदीत लिहा. लॅपटॉपच्या पोटात व्हर्च्युअल मशिन करून तपासलंत तर तिथे खोटी ग्राफिक्स चिप असते. प्रोग्रॅम उघडतो की नाही एवढंच कळतं, वेग आणि रंग कळत नाहीत.

जे हाताशी नाही त्यासाठी ब्राउझरस्टॅक आहे. रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांनी २०११ मध्ये मुंबईत सुरू केलेली ही कंपनी संगणक आणि खरे फोन दुरून वापरायला देते, आणि आज जगभरचे प्रोग्रॅमर ती वापरतात. पण तिथलं चित्र तुमच्यापर्यंत व्हिडिओ होऊन येतं. म्हणून रंगाची छटा आणि हालचालीचा गुळगुळीतपणा त्यावरून ठरवू नका. गिटहबवरही विंडोज, लिनक्स आणि मॅक अशा तिन्ही यंत्रांवर प्रोग्रॅम आपोआप बांधून चालवता येतो. तिथल्या नेहमीच्या यंत्रांवर तुमच्याआमच्यासारखं ग्राफिक्स कार्ड नसतं, तरी शेडर मोडला की त्याच दिवशी कळतं, आणि हा लाभ लहान नाही.

फोनवर तपासताना वीस मिनिटं सलग चालवा. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत फोन तापतो, तापला की चिप स्वतःचा वेग कमी करते, आणि पहिल्या दोन मिनिटांत सेकंदाला साठ फ्रेम देणारं यंत्र पंचवीसवर येतं. तुमचे वापरणारे त्याच खोलीत बसून बघणार आहेत. मध्येच व्हॉट्सअ‍ॅप उघडा, फोन घ्या, परत या. ब्राउझरने दरम्यान ग्राफिक्सची मेमरी काढून घेतली असेल तर परतल्यावर काळा पडदा दिसतो. ही घटना पकडून सगळं पुन्हा भरण्याची सोय प्रोग्रॅममध्ये करावी लागते. आयफोनवर क्रोम वापरून पाहिलं तरी आत बहुतेक सफारीचंच इंजिन असतं, ती वेगळी तपासणी धरू नका. लॅपटॉपवर पडद्याचं प्रमाण १२५ टक्के ठेवूनही बघा, बटणावर टिचकी मारली की ती शेजारीच लागते असा दोष तिथे सापडतो. आणि सभामंडपातला अंधार स्वस्त पडद्यावर एकदा पाहाच. मॅकवर जी शिल्पं अंधारातून हळूच उमटतात ती १३६६ बाय ७६८ च्या जुन्या पडद्यावर साफ बुडतात. तिथे थोडा प्रकाश वाढवलेला बरा.

सापडलेला प्रत्येक दोष एका वहीत किंवा तक्त्यात लिहा: यंत्र, चिप, ड्रायव्हरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. दोष ड्रायव्हरचा किंवा इंजिनचा निघाला तर अख्खं देऊळ पाठवू नका. एक चौकोन, एक शेडर, तोच दोष, इतकं लहान उदाहरण करून इंजिनच्या लोकांना कळवा. अशा नेमक्या तक्रारीची दखल घेतली जाते, आणि तुमचं नाव त्या कामात लागतं. ज्या यंत्रावर काहीच चालणार नाही तिथे काळा पडदा न दाखवता मराठीत सरळ सांगा की हे बघायला ओपनजीएल ३.३ लागतं, आणि शेजारी देवळाचं एक स्थिर चित्र ठेवा.

सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात कुठलाही ड्रायव्हर, इंजिन किंवा ऑपरेटिंग सिस्टिम नवी करू नका. लॅबच्या ज्या संगणकावर दाखवायचं आहे त्याच्यावर, त्याच प्रोजेक्टरला जोडून, शिक्षकांची वेळ मागून आधी एकदा चालवा. पेनड्राइव्हवर प्रोग्रॅमची विंडोज आणि लिनक्स अशी दोन्ही बांधणी, ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालणारी प्रत आणि तिच्यासाठी लागणारा छोटा स्थानिक सर्व्हर, आणि संपूर्ण सफरीचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग, एवढं असू द्या. आणि त्या लॅबच्या संगणकाची नोंद-फाइल सोबत घरी आणा, पुढच्या तुकडीला ती लागेल.